विमानाचे तेल काय सांगते?

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. धावपट्टीच्या टोकाशी एक लहानसे विमान उभे आहे. आत एकच प्रशिक्षणार्थी बसला आहे. वय अठराच्या आसपास, म्हणजे तुमच्याहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठा. आतापर्यंत शेजारच्या आसनावर त्याचे शिक्षक बसत असत. आज ते आसन रिकामे आहे. आज तो पहिल्यांदाच एकट्याने उडणार आहे.

या विमानाला इंजिन एकच. रस्त्यावर मोटार बंद पडली तर आपण ती ढकलत कडेला घेतो आणि मेकॅनिकला बोलावतो. आकाशात कडेला घेण्याची सोय नाही. इंजिन बंद पडताच असे विमान दगडासारखे कोसळत नाही, हे खरे. १००० मीटर उंचीवरून ते तरंगत साधारण ९ किलोमीटर जाऊ शकते. पण तेवढ्या अंतरात सपाट, मोकळी जागा सापडली पाहिजे! तेव्हा इंजिन बंद पडणार नाही याची काळजी जमिनीवरच, आधीच घ्यावी लागते.

पण इंजिन न उघडता त्याची प्रकृती कशी कळणार? डॉक्टर रक्त तपासून रोग ओळखतात. विमानाचा तंत्रज्ञ तेल तपासतो. विमानाचे तेल आणि तेलाची गाळणी बदलणे हे काम वरवर पाहता मोटारसायकलचे तेल बदलण्यासारखेच दिसते. परंतु येथे जुने तेल नुसते काढून टाकायचे नसते, तर ते ‘वाचायचे’ असते. ते कसे, हे आपण पाहू.

कोणते विमान, कोणते इंजिन?

उदाहरणासाठी आपण सेस्ना १७२ हे चार आसनांचे विमान घेऊ. हे विमान १९५५ साली प्रथम उडाले आणि आजवर अशी ४४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली आहेत. इतर कोणत्याही प्रकारची इतकी विमाने जगात झालेली नाहीत. आपल्याकडे बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी अशी लहान विमाने वापरली गेली आहेत.

यातील अनेक विमानांना लायकमिंग कंपनीचे ओ-३२० हे इंजिन असते. त्यात चार सिलिंडर असतात. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे आणि समोरासमोर. त्यांची एकूण धारणक्षमता ५.२ लिटर आणि शक्ती सुमारे १५० ते १६० अश्वशक्ती. हे इंजिन पाण्याने नव्हे, तर समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होते. म्हणूनच सिलिंडरवर पातळ पात्यांच्या रांगा असतात.

हे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त २७०० फेरे घेते. मोटारीचे इंजिन याच्या दुप्पट वेगाने फिरू शकते. मग विमानाचे एवढे संथ का? कारण पंखा इंजिनाच्या दांड्यावरच थेट बसवलेला असतो. पंख्याचा व्यास सुमारे १.९ मीटर. सेकंदाला ४५ फेरे झाले, तर त्याचे टोक सेकंदाला किती अंतर कापेल? गणित करून पाहा. उत्तर येते सुमारे २७० मीटर! ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. टोकाचा वेग त्याच्या फार जवळ गेला की पंखा प्रचंड आवाज करतो आणि त्याची कार्यक्षमता घटते. म्हणून इंजिनाला आवर घालावा लागतो.

तेलाची पाच कामे

तेलाचे पहिले काम तुम्हाला ठाऊकच आहे : घर्षण कमी करणे. फिरता दांडा आणि त्याचा बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. दांडा खरे म्हणजे धातूवर फिरतच नाही, तेलावर तरंगतो. दुसरे काम उष्णता वाहून नेण्याचे. तिसरे, सिलिंडर आणि दट्ट्या यांमधील फट बुजवण्याचे. चौथे, काजळी आणि धातूचे कण उचलून गाळणीपर्यंत नेण्याचे. पाचवे, आतील भागांना गंज चढू न देण्याचे.

एवढे सारे काम करणाऱ्या तेलाला योग्य दाटपणा हवा. दाटपणाला शास्त्रीय भाषेत श्यानता म्हणतात. थंडीच्या सकाळी काकवी डब्यातून लवकर पडत नाही आणि तापवली की पाण्यासारखी धावते. तेलाचेही तसेच. थंड असताना ते फार घट्ट झाले तर अरुंद नळ्यांतून पोहोचत नाही. तापल्यावर फार पातळ झाले तर थर टिकत नाही.

पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांत चक्क एरंडेल तेल वापरत! त्या इंजिनांत पेट्रोल आणि वंगण एकमेकांच्या संपर्कात येत असत. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळते, एरंडेल सहसा विरघळत नाही. मात्र ते धुराबरोबर बाहेर उडे आणि वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. एरंडेलाचा पोटावर काय परिणाम होतो, हे तुमच्या आजीला विचारा.

मग आज मोटारीचे तेल विमानात का चालत नाही? मोटारीच्या तेलात मळ धुण्यासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम यांची संयुगे घालतात. ती जळली की राख उरते. विमानाच्या गरम सिलिंडरमध्ये ही राख निखाऱ्यासारखी तापून ठिणगी पडण्याआधीच इंधन पेटवू शकते. म्हणून विमानाच्या तेलात राख न ठेवणारी द्रव्ये मिसळतात.

तेल खराब का होते?

दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यातील फटीतून ज्वलनाचे थोडे वायू खाली तेलात उतरतात. वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनांत ही फट जरा मोठी ठेवावी लागते, म्हणून वायूही जास्त उतरतात. त्यांच्याबरोबर काजळी येते. प्रशिक्षण-विमानांत वर्षानुवर्षे वापरात असलेल्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असते. त्यामुळे शिसेही येते. आणि येते पाणी.

पेट्रोलपासून पाणी? होय. पेट्रोलमधील हायड्रोजन जळून पाण्याची वाफ होते. एक किलोग्रॅम पेट्रोल जळले की सुमारे १.४ किलोग्रॅम पाणी तयार होते. अधिकचे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे. बहुतेक वाफ धुराड्यातून निघून जाते. थोडी तेलात शिरते. लांबच्या उड्डाणात तेल चांगले तापते आणि ही वाफ उडून जाते. पण विमान उडालेच नाही, तर पाणी आत राहते, आम्ले तयार होतात आणि गंज सुरू होतो.

या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभे राहिले की त्याच्यावरचे तेल हळूहळू निथळून जाते. समुद्रकाठची दमट हवा किंवा पावसाळा असेल, तर त्याच्या कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढे इंजिन सुरू झाले की तेथूनच लोखंडाचे कपचे निघू लागतात. म्हणजे विमान उडाल्याने झिजते, तसेच न उडाल्यानेही झिजते! म्हणून नियम असा : गाळणी बसवलेल्या इंजिनाचे तेल दर ५० तासांच्या उड्डाणानंतर किंवा दर चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलायचे. मिनिटाला २४०० फेरे धरले, तर ५० तासांत इंजिनाचे ७२ लाख फेरे होतात.

चला हँगरमध्ये

तेल काढण्यापूर्वी इंजिन चालवून गरम करतात. गरम तेल लवकर वाहते, शिवाय तळाशी बसणारा मळ त्यात घुसळला जाऊन बाहेर येतो. मग इंजिन बंद करून किल्ली काढून घेतात आणि चाकांपुढे लाकडी ठोकळे ठेवतात. तरीही पंख्याला कोणी सहज हात लावत नाही. कारण ठिणगी पाडणारा मॅग्नेटो विजेच्या बॅटरीवर चालत नाही. त्याची एखादी तार तुटलेली असेल, तर किल्ली काढलेली असतानाही पंखा हाताने फिरवताच इंजिन ‘लाथ’ मारू शकते.

इंजिनाखालच्या टाकीची तोटी उघडली की नळीतून काळे तेल बादलीत पडू लागते. पूर्ण भरलेल्या टाकीत सुमारे साडेसात लिटर तेल असते. पहिली धार सोडून देऊन, मधल्या धारेखाली तंत्रज्ञ एक लहान स्वच्छ बाटली धरतो. हा झाला ‘रक्ताचा नमुना’. नंतर टाकीच्या तोंडाशी असलेली तारेची जाळी काढून धुतात. जाळीत मोठे तुकडे अडकतात. तेथे काही सापडले तर लक्षण बरे नव्हे.

आता गाळणी. ती इंजिनाच्या मागे, अडचणीच्या जागी बसवलेला डबा असतो. तो पान्याने फिरवून काढताना जुने रबरी गॅस्केट त्याच्याबरोबर निघाले की नाही, हे नीट पाहावे लागते. जुने चिकटून राहिले आणि त्यावर नवे बसले, तर जोड घट्ट वाटतो, पण हवेत गेल्यावर तेथून तेल फुटून निघू शकते. उड्डाणात तेलाचा दाब मोटारीच्या टायरमधील हवेच्या दुप्पट-तिप्पट असतो. काही मिनिटांत टाकी रिकामी, बेअरिंग कोरडे आणि इंजिन जाम!

गाळणीच्या निऱ्यांत

मोटारसायकलची गाळणी मेकॅनिक फेकून देतो. विमानाची गाळणी मात्र कापतात. करवतीने नव्हे, कारण करवतीचा कीस आत पडला तर तपासणीच फसेल. डब्याभोवती फिरणाऱ्या खास कातरणीने तो कापतात. आत कागदासारख्या पदार्थाच्या घड्या असतात, अगदी साडीच्या निऱ्यांसारख्या. निऱ्या घातल्या की पाच-सहा वार कापड थोड्या जागेत मावते. त्याच युक्तीने लहान डब्यात गाळण्याचा मोठा पृष्ठभाग मावतो.

गाळणी पूर्ण तुंबली तर? त्यासाठी आडवाटेची एक झडप असते. दाब वाढला की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. तेल मुळीच न मिळण्यापेक्षा मळके तेल बरे, हा त्यामागचा हिशेब.

निऱ्या पसरून, धुऊन तंत्रज्ञ त्या उजेडात पाहतो. दोन-चार बारीक चमकते कण असले तर काळजी नाही. कण जास्त असतील तर ते कोठून आले, हा प्रश्न येतो. चुंबक फिरवला आणि कण चिकटले तर ते लोखंडाचे, म्हणजे सिलिंडर, दट्ट्याच्या कड्या किंवा कॅम यांपैकी कोणीतरी झिजते आहे. चुंबकाला न चिकटणारे पांढरट कण कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडबुडे देत विरघळले, तर ते अ‍ॅल्युमिनियम. मग संशय दट्ट्यावर. तांबूस-पिवळे कण ब्राँझच्या भागांकडे बोट दाखवतात. तुम्ही रसायनशास्त्राच्या तासाला शिकता त्या परीक्षा येथे एखाद्याचा जीव वाचवतात.

बाटलीतला नमुना प्रयोगशाळेत जातो. ज्योतीत मिठाची चिमूट टाकली की ती सोडियममुळे पिवळी होते. तसाच प्रत्येक मूलद्रव्याचा स्वतःचा ठरावीक प्रकाश असतो. त्यावरून तेलाच्या दहा लाख भागांत लोखंडाचे किती, तांब्याचे किती, हे वर्णपटमापक सांगतो. १९४० च्या दशकात अमेरिकेतील रेल्वेच्या डिझेल इंजिनांसाठी ही पद्धत सुरू झाली. पुढे ती विमानांसाठी आली. सिलिकॉन वाढलेले दिसले, तर इंजिन धूळ ‘खात’ आहे. हवेची गाळणी तपासा! या यंत्राला अतिसूक्ष्म कणच दिसतात, तर मोठे तुकडे निऱ्यांत अडकतात. म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात. शिवाय एका अहवालावरून निष्कर्ष काढत नाहीत. मागील आकड्यांशी तुलना करून आकडा एकदम उडी मारतो का, हे पाहतात.

बारीक तार, मोठे काम

नवी गाळणी ‘हाताला घट्ट लागेपर्यंत’ आवळून चालत नाही. पीळ मोजणाऱ्या पान्याने ती २२ ते २४ न्यूटन-मीटर एवढी आवळतात. ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे ८ किलोग्रॅम वजन टांगले तर जेवढा पीळ बसेल, तेवढा. कमी झाला तर गळती, जास्त झाला तर गॅस्केट चिरडते.

मग पोलादी तार येते, जाडी मिलिमीटरहूनही कमी. तिचा पीळ देऊन गाळणी इंजिनाच्या एका पक्क्या भागाला बांधतात, तीही अशा दिशेने की गाळणी सैल होऊ लागली तर तार तिला आवळण्याच्या बाजूला ओढील. सेकंदाला चाळीस वेळा थरथरणाऱ्या इंजिनावर हीच तार पहारा देते.

नवे तेल भरून इंजिन सुरू करतात. ३० सेकंदांत तेलाच्या दाबाचा काटा वर आला नाही तर ताबडतोब बंद! काटा वर आला की थोडा वेळ चालवून, थांबवून, गळती पाहतात. रिकाम्या गाळणीने थोडे तेल पिऊन घेतलेले असते, म्हणून पातळी पुन्हा मोजतात. जुने तेल विषारी असते. ते मातीत वा गटारात न ओतता पिंपात साठवून योग्य ठिकाणी पाठवतात. शेवटी विमानाच्या नोंदवहीत तारीख, तास, गाळणीत काय दिसले ते लिहून जबाबदार तंत्रज्ञ सही करतो.

राइट बंधूंची नावे सर्वांना पाठ असतात. पण १७ डिसेंबर १९०३ रोजी ज्या इंजिनाने त्यांना उचलले, ते त्यांच्या दुकानातील चार्ल्स टेलर या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत घडवले होते. अमेरिकेत त्याचा जन्मदिवस, २४ मे, विमान-तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात.

धावपट्टीवरच्या त्या मुलाने अजून इंजिनाच्या आत कधी पाहिलेले नाही. त्याने पाहिली आहे फक्त नोंदवहीतली एक सही. त्या सहीच्या भरवशावर तो आता वेग वाढवतो आणि चाके जमीन सोडतात.

करून पाहा

ओळखीच्या गॅरेजमधून मोटारसायकलचे जुने आणि नवे तेल थोडे थोडे मागून आणा. टिपकागदावर दोन्हींचा एकेक थेंब ठेवा. दुसऱ्या दिवशी डाग पाहा. काळेपणा एकसारखा पसरला असेल, तर तेलात मळ वाहून नेण्याची ताकद अजून आहे. मध्ये गडद ठिपका आणि भोवती ठसठशीत कडा असेल, तर ती संपत आली. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक जुन्या तेलातून फिरवा आणि त्याला काय चिकटते ते भिंगातून पाहा. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा आणि नंतर हात साबणाने धुवा. उरलेले तेल गॅरेजला परत द्यायला विसरू नका.