बाइक, बायको आणि तीन खाड्या

पहाटे साडेपाचला चांदणी चौक सोडला तेव्हा प्लॅनमध्ये एकच नियम होता : मुंबई-गोवा हायवेवर गरजेपुरतंच जायचं. चार दिवस, दोन बाइक्स. माझी साडेतीनशे सीसीची, बायकोची दीडशेची. ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली रत्नागिरीपर्यंत. 'माझ्या मागेच बस ना,' असं मी आधी म्हणून बघितलं होतं. त्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही!

ताम्हिणीबद्दल नवं काय सांगणार? मुळशीचं पाणी, टपरीवरचा चहा आणि ऐन वळणावर गाडी लावून फोटो काढणारे महाभाग. खरी धमाल पुढे, सागरी रस्त्यावर. नकाशात कोकणचा किनारा सरळ रेघेसारखा दिसतो, पण तसा तो नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना खाड्या करतात आणि रस्त्याचे तुकडे पाडतात. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला. समोर पलीकडचं गाव दिसतं, माडाखाली लावलेली रिक्षासुद्धा दिसते, पण रस्त्याने जायचं तर दाभोळहून गुहागर चिपळूणमार्गे शंभरावर किलोमीटर. म्हणून फेरीबोट. लोक तिला सरळ 'जंगलजेटी' म्हणतात. दाभोळ-धोपावे फेरी सुरू झाली २००३मध्ये. कार, टेम्पो, बाइक्स, शाळेची पोरं, सगळे एकाच डेकवर. बाइकवाल्यांना एक टिप : चढायची लोखंडी फळी ओली असते, तिथे पुढचा ब्रेक विसरून जा. आत गेल्यावर गाडी गिअरमध्ये टाका आणि तिच्याजवळच उभे राहा.

पहिली खाडी, बागमांडला ते वेश्वी, आम्ही दोघांनी मिळून ओलांडली. हरिहरेश्वरचा मुक्काम झाला होता, पोटात गरमागरम घावन होते, मूड मस्त. मग केळशी, आंजर्ले, हर्णै... एकीकडे चिऱ्यांचे गडगे, दुसरीकडे निळंशार पाणी आणि रस्ता रिकामा. मी सुटलो! माझा जुना आजार आहे हा. रिकामा रस्ता दिसला की मनगट आपोआप पिळलं जातं. पुढे जाऊन थांबायचं, ती आली की 'किती वेळ!' म्हणायचं, परत सुटायचं. सकाळपासून हेच चाललं होतं. हर्णैच्या बंदरावर ती काही बोलली नाही, तेव्हाच समजायला हवं होतं.

दाभोळला पोचलो तर बोट सुटायच्या बेतात. पुढची तासाभराने. आरशात बघितलं, ती नव्हती. येईलच मागोमाग, असं म्हणत मी चक्क गाडी चढवली. बोट हलली, दहा-पंधरा मिनिटांत धोपावे आलं. फोन लावला, लागेना. बोट परत गेली. मी जेटीवर. एका चहाचे तीन झाले. पुढची बोट लांबून दिसली तेव्हा डेकवर तिचं पिवळं हेल्मेट शोधत होतो. नव्हतं.

बोटीवरच्या एका काकांनीच मला हेरलं. "पुण्याचे ना तुम्ही? मिसेस तिकडे बसल्यात. उतारावर घसरल्या. घाबरू नका, गुडघा खरचटलाय."

गाडी तिथेच टाकून त्याच बोटीने परत निघालो. पंधरा मिनिटांचीच खाडी, पण मला संपता संपेना. डोक्यात नको नको ते सगळं येऊन गेलं. काकांनी तिकिटाचं नावही काढलं नाही, उलट बाकावर बसवून पाणी दिलं.

ती जेटीजवळच्या एका घराच्या ओट्यावर बसली होती. गुडघ्यावर हळद, हातात कोकम सरबताचा पेला, शेजारी त्या घरातल्या आजी. वळणावर जांभ्याची बारीक खडी सांडलेली, त्यावरून मागचं चाक सरकलं. जॅकेट आणि ग्लोव्ह्जमुळे हात वाचले होते. क्लचचा लिव्हर वाकला होता. मी सॉरी म्हणायच्या आत तिने विचारलं, "तू पुढे जाऊन नक्की करतोस काय रे?"

"थांबतो," मी म्हणालो. "तुझी वाट बघत."

आजी हसल्या. ती नाही हसली.

त्या रात्री गुहागरला आम्ही फार बोललो नाही. सकाळी गावातल्या गॅरेजवाल्याने लिव्हर सरळ करून दिला आणि तिने न विचारता गाडी पुढे काढली. मी मागे. हेदवी, तवसाळ आणि मग जयगडची बोट. ती वळणाआधी हॉर्न देते, गायींसाठी थांबते, चढावर वेळेत गिअर खाली घेते, हे मला लग्नाच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच दिसलं. गणपतीपुळ्यानंतर आरे-वारेच्या चढावर रस्ता उंच जातो आणि खाली दोन किनारे एकदम उघडे पडतात. तिथे ती थांबली. मी हेल्मेट काढेपर्यंत म्हणाली, "किती वेळ!"

रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात या तिन्ही खाड्यांवर पूल आहेत. व्हायलाच हवेत. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन निघणाऱ्याला बोटीचं टाइमटेबल परवडत नाही. तुम्हाला मात्र जंगलजेटीने जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निघा, दापोलीला टाकी फुल्ल करा आणि शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवा.

रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर आणि मग हायवेने पुणे. त्या कंटाळवाण्या हायवेवरसुद्धा मी मागेच होतो. साताऱ्याजवळ तिने हात करून पुढे जायला सांगितलं. मी नाही गेलो.