एक्स्प्लेनर : कोड ऑनलाइन टाकताय? आधी कोणत्या फाइल वगळायच्या ते ठरवा. एका चावीमुळे टोयोटाही आली होती अडचणीत

लालबाग-परळच्या कारखान्यातून गणेशमूर्ती मंडपाकडे निघते, तेव्हा साचे, रंगाचे डबे आणि ऑर्डरची वही मागेच राहते. सॉफ्टवेअर बनवतानाही कोणती फाइल कुठपर्यंत जाऊ द्यायची, हे असंच आधी ठरवावं लागतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गिटहबवर टाकून बायोडेटात लिंक देणारा विद्यार्थी असो किंवा लोअर परळच्या ऑफिसातला डेव्हलपर, ही यादी चुकली तर ते महागात पडू शकतं.

टोयोटाचं काय झालं होतं?

डिसेंबर २०१७ मध्ये टोयोटाच्या 'टी-कनेक्ट' सेवेचा काही कोड एका कंत्राटदाराकडून गिटहबवर सर्वांना दिसेल असा टाकला गेला. त्यात सर्व्हरची चावी, म्हणजे अ‍ॅक्सेस की होती. हे लक्षात आलं सप्टेंबर २०२२ मध्ये. तोवर २ लाख ९६ हजार १९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघड होण्याचा धोका निर्माण झाला होता.

रिपॉझिटरी खासगी असली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. २०१६ मध्ये हॅकर्स उबरच्या खासगी रिपॉझिटरीत शिरले. तिथे मिळालेल्या चावीने त्यांनी ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती मिळवली.

गिटइग्नोर म्हणजे काय?

गिट हे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केलं. प्रोजेक्टमधल्या 'गिटइग्नोर' या साध्या फाइलमध्ये ज्यांची नावं लिहिली जातात, त्या फाइल गिट नव्याने नोंदवत नाही.

काय वगळायचं, काय ठेवायचं?

• वगळा : पासवर्ड आणि चाव्या असलेली 'ईएनव्ही' फाइल, 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर, लॉग आणि कोडपासून पुन्हा तयार होणारं 'डिस्ट' फोल्डर.

• ठेवा : मूळ कोड, टेस्ट, 'पॅकेज-लॉक' फाइल आणि चाव्यांच्या जागा रिकाम्या ठेवलेली नमुना ईएनव्ही फाइल. नव्या सहकाऱ्याला त्यावरून काम सुरू करता येतं.

पॅकेजची यादी वेगळी का?

गिट म्हणजे कारखाना. तिथे साचे हवेत. तयार मूर्ती साच्यातून पुन्हा काढता येते. एनपीएमवर प्रकाशित होणारं पॅकेज म्हणजे मंडपात जाणारी मूर्ती. तिथे 'डिस्ट' हवं, टेस्टची गरज नाही. तिजोरीची चावी मात्र दोन्हीकडे नको.

गफलत होते ती इथेच. 'एनपीएमइग्नोर' फाइल नसेल तर एनपीएम गिटइग्नोरचीच यादी वापरतं. मग 'डिस्ट' वगळलं जातं आणि लोकांना चालणारा कोडच मिळत नाही. यावर उपाय म्हणून कुणी एनपीएमइग्नोर बनवतं आणि त्यात फक्त टेस्टचं नाव लिहितं. पण ती फाइल आली की त्याच फोल्डरमधली गिटइग्नोर विचारात घेतली जात नाही. गिटमध्ये लपलेली ईएनव्ही फाइल अशा वेळी पॅकेजमधून जगभर जाऊ शकते.

म्हणून काय वगळायचं यापेक्षा काय पाठवायचं, याची यादी करणं जास्त सुरक्षित. 'पॅकेज डॉट जेसन'मधल्या 'फाइल्स' या रकान्यात ती देता येते. रीडमी, लायसन्स आणि पॅकेज डॉट जेसन या फाइल आपोआप जातात. प्रकाशित करण्याआधी एनपीएमच्या 'पॅक' कमांडला 'ड्राय रन' पर्याय जोडला, तर पॅकेजमध्ये काय-काय जाणार हे स्क्रीनवर दिसतं.

चावी आधीच अपलोड झाली असेल तर?

• सर्वात आधी ती चावी रद्द करून नवी घ्या.

• फाइलचं नाव नंतर गिटइग्नोरमध्ये लिहून भागत नाही. आधी नोंदवलेली फाइल गिटमधून वेगळी काढावी लागते.

• ती काढली तरी जुन्या इतिहासात राहते. इतिहास पुसला तरी कुणी कॉपी घेतली नसेल याची खात्री नसते.

• एनपीएमवरचं नवं पॅकेज मागे घेण्यासाठी साधारण ७२ तासांची मुदत असते; त्यानंतर अटी कडक होतात.

प्रश्न फक्त कोडचा नाही

चावी फुटली की मागचा ग्राहकांचा डेटाही उघडा पडतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे प्रोजेक्ट सुरू करताना पहिली ओळ कोडची लिहिण्याआधी गिटइग्नोर तयार करा.