साच्यातला जिना आणि लोखंडी कठडा

जिना उतरताना आपला हात आपोआप कठड्याकडे जातो. हा कठडा कोणी बसवला, तो कशाच्या आधाराने उभा आहे, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. ‘जिना’ हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतला ‘ज़ीना’ तो हाच. फारसीतून तो दोन्ही भाषांत आला. ‘कठडा’ हा शब्द कदाचित नवा वाटेल. जिना, गच्ची किंवा गॅलरी यांच्या कडेवरून माणूस खाली पडू नये म्हणून केलेला आडोसा म्हणजे कठडा. कारागीर त्याला ‘रेलिंग’ म्हणतात.

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण हा भाग कारखान्यांचा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. त्यानंतर मोटारी, स्कूटर आणि त्यांचे सुटे भाग तयार करणारे कितीतरी लहानमोठे कारखाने येथे उभे राहिले. कारखान्यांमागोमाग माणसे आली आणि माणसांमागोमाग इमारती. आज चिखली, मोशी, चाकणच्या बाजूला गेलात, तर उंच क्रेन नसलेला रस्ता शोधावा लागेल.

पूर्वी जिना जागेवरच ओतला जाई. सुतार फळ्यांचा साचा बांधी, त्यात लोखंडी सळया ठेवीत आणि वरून काँक्रीट ओतीत. हे काम हाताचे असल्यामुळे एका मजल्याचा जिना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यासारखा तंतोतंत कधीच नसे. एखादी पायरी बोटभर उंच, एखादी बोटभर रुंद. आता अनेक ठिकाणी जिना जमिनीवर, पोलादी साच्यात तयार करतात. काँक्रीट पुरेसे कठीण झाले, की क्रेनने उचलून तो मजल्यांच्या मध्ये ठेवतात. याला ‘प्रीकास्ट’ म्हणजे आधीच ओतलेला जिना म्हणतात. असा एक जिना सहज दोन टनांच्या आसपास भरतो.

ही पद्धत आपल्याकडे अगदी नवी नाही. पुण्याचे बांधकाम व्यावसायिक बी. जी. शिर्के यांच्या कंपनीने साच्यातल्या भागांच्या इमारती अनेक वर्षे बांधल्या आहेत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुल त्याच कंपनीने उभारले. वाकडकडून मुळा नदी ओलांडली, की आपण बालेवाडीत पोहोचतो. पुढे २०२२ साली नवी मुंबईत बामणडोंगरी येथे सिडकोने बारा मजल्यांची, ९६ घरांची इमारत याच तंत्राने ९६ दिवसांत पूर्ण करून घेतली. इमारत इतक्या वेगाने वर चढू लागली, की कठडा बसवणाऱ्यालाही जुन्या चालीने काम करून भागत नाही.

जुनी चाल कशी होती? वेल्डर पाईप आणि मशीन घेऊन इमारतीत येई. प्रत्येक जिन्याचे माप वेगळे घेई, तेथेच पाईप कापी, तेथेच जोडी, तेथेच घासी. जिने एकमेकांसारखे नव्हते, त्यामुळे दुसरा उपायही नव्हता. साच्यातले जिने मात्र सख्ख्या भावंडांसारखे असतात. एका साच्यातून निघालेल्या जिन्यांत काही मिलिमीटरांचाच फरक पडतो. म्हणून कठडाही साच्यातच करता येतो.

येथे भोसरीच्या वर्कशॉपमधील कारागिरांची विद्या उपयोगी पडते. मोटारीचे सुटे भाग जोडताना ते ‘जिग’ वापरतात. जिग म्हणजे एक भक्कम पोलादी चौकट. तिच्यावर प्रत्येक पाईपची जागा खुंट्यांनी पक्की केलेली असते. पाईप त्या जागेत ठेवायचे, शिकंजाने आवळायचे आणि वेल्डिंग करायचे. पहिला नग आणि शंभरावा नग सारखाच निघतो. दरवेळी मापपट्टी लावावी लागत नाही.

जिगसाठी माप कसे काढतात, ते तुम्हांला गणिताच्या तासामुळे सहज समजेल. समजा, प्रत्येक पायरी ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच आहे. नऊ पायऱ्यांची आडवी लांबी २.७० मीटर आणि उंची १.३५ मीटर होईल. या दोन बाजू काटकोनात आहेत. तिरक्या पाईपची लांबी म्हणजे कर्ण. पायथागोरसच्या नियमाने तो सुमारे ३.०२ मीटर येतो. ‘हे गणित पुढे कोठे लागते?’ असे विचारणाऱ्यांनी एकदा फॅब्रिकेटरच्या दुकानात डोकावून पाहावे.

पण कठड्याची खरी परीक्षा पाईपात नसते, तर त्याच्या पायाशी असते. जिना साधारण एक मीटर उंचीवर धरता यावा, असे आपल्या देशाची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. सार्वजनिक जिन्याच्या कठड्याने प्रत्येक मीटर लांबीला सुमारे ७५ किलोचा आडवा रेटा सोसला पाहिजे, असे भारतीय मानक आहे. कारखान्याची पाळी सुटते किंवा शाळेची घंटा होते, तेव्हा जिन्यात होणारी गर्दी आठवा. मागच्यांचा भार पुढच्यांवर पडतो आणि कडेच्या मुलाची पाठ कठड्याला टेकते.

आता तरफेचा नियम आठवा. डब्याचे घट्ट झाकण बोटांनी निघत नाही. चमच्याच्या टोकाने मात्र चटकन उघडते. कठड्याचा उभा पाईपही असाच लांब चमचा आहे. दोन उभ्या पाईपांत एक मीटर अंतर असेल, तर वरच्या टोकाला ७५ किलोचा रेटा बसतो. तो एक मीटर उंचीवर आहे. खाली तळपट्टीचे बोल्ट मात्र जेमतेम दहा सेंटिमीटरच्या अंतरात ही ओढ सांभाळतात. म्हणजे ओढ दहापट होते : ७५० किलो! ओढल्या जाणाऱ्या बाजूला दोन बोल्ट असतील, तर प्रत्येकावर ३७५ किलो. वर हात ठेवणाऱ्याला याची कल्पनाही नसते.

म्हणून बोल्ट कशात रुतला आहे, याला फार महत्त्व आहे. जिना बसवल्यावर ड्रिलने छिद्रे पाडून ‘अँकर फास्टनर’ ठोकणे, ही सर्वांत सोपी वाटणारी रीत. हा फास्टनर आवळला, की छिद्रात फुगतो आणि चारही बाजूंनी काँक्रीटला दाबून धरतो. जमिनीच्या मध्यभागी हे ठीक आहे. जिन्यात मात्र कठडा कडेलाच असतो. कडेजवळचे थोडेसे काँक्रीट तो दाब सोसू शकत नाही आणि त्याचा कोपरा निखळतो. कधी ड्रिल आतल्या सळईवर आपटते. मग घाईतला माणूस छिद्र थोडे बाजूला सरकवतो, तेही बहुधा कडेकडेच!

दुसरी रीत रासायनिक लेपाची. छिद्रात लेप भरून त्यात बोल्ट बसवतात. हा लेप काँक्रीटला आतून ढकलत नाही, म्हणून कडेजवळ तो अधिक चांगला. पण छिद्रातली धूळ पुरती निघाली पाहिजे. फुंकर, ब्रश आणि पुन्हा फुंकर, असे ते साफ करतात. धूळ राहिली, तर लेप काँक्रीटला न चिकटता धुळीलाच चिकटतो आणि बोल्ट हाताने उपसून येतो. लेप वाळण्याआधी त्यावर कठडा चढवणे हेही तसेच घातक.

माझ्या मते खरी शहाणपणाची रीत तिसरी. जिना ओततानाच साच्यात आट्यांच्या नळ्या किंवा सळया जोडलेल्या पोलादी पट्ट्या योग्य जागी बांधून ठेवायच्या. काँक्रीट त्यांच्याभोवती घट्ट होते. पुढे इमारतीत ड्रिलची गरज उरत नाही. बोल्ट फिरवायचा की झाले. यासाठी कठड्याचा नकाशा जिना ओतण्याच्या आधी तयार असावा लागतो. कठडा सर्वांत शेवटी दिसतो, पण त्याचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. जेथे हे होत नाही, तेथे वाचवलेला एक दिवस पुढे आठवडाभर ड्रिल चालवून भरावा लागतो.

बसवण्याचा क्रम साधा आहे. प्रत्येक तुकड्यावर मजला आणि बाजू लिहिलेली असते. नाहीतर चौथ्या मजल्याचा नग नवव्यावर चढतो. आधी वरचा आणि खालचा असे टोकाचे दोन उभे पाईप लावतात. ओळंबा धरून ते सरळ आहेत ना, हे पाहतात. त्यांच्या माथ्यावर दोरी ताणतात आणि मधले पाईप त्या दोरीला मिळवतात. तळपट्टीतली छिद्रे मुद्दाम लांबट ठेवलेली असतात, म्हणजे पाईप चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे सरकवता येतो. सर्व ओळ जुळल्याशिवाय कोणताही बोल्ट पुरता आवळत नाहीत. पहिलाच बोल्ट गच्च आवळला, तर शेवटचा छिद्रात जातच नाही.

गंजाविषयीही सांगितले पाहिजे. लोखंड गंजले, की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो काँक्रीटला आतून फोडतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात उघड्या जिन्याचे हे दुखणे नेहमीचे. म्हणून कठडा सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेल्या पातळ जस्तात बुडवून काढतात. त्याआधी बंद पाईपला लहान छिद्रे ठेवावीच लागतात. आत ओल कोंडली, तर उष्णतेने तिची वाफ होऊन पाईप फुटतो आणि तापलेले जस्त माणसांच्या अंगावर उडते. जस्त चढवल्यानंतर जागेवर वेल्डिंग केले, तर तेथले जस्त जळून जाते. तेथे जस्ताचा रंग पुन्हा लावावा लागतो. तयार तुकडे बोल्टने जोडण्याचा हा आणखी एक फायदा.

कठडा बसेपर्यंत त्या जिन्यावरून सर्वांत जास्त ये-जा कोण करते? प्लंबर, गवंडी, रंगारी आणि डोक्यावर विटा घेतलेल्या बायका. कायमचा कठडा येईपर्यंत पाईप आणि शिकंजे लावून तात्पुरता आडोसा करणे म्हणूनच आवश्यक असते. काही ठिकाणी तर जिना जमिनीवर असतानाच त्याला कठड्याचे उभे पाईप लावतात. क्रेनच्या साखळ्या पाईपांना घासणार नाहीत, याची काळजी मात्र घ्यावी लागते. मग जिना वर जागेवर टेकतो, त्याच्या सांध्यांत पातळ सिमेंट भरतात, पाईपांवर हातपट्टी चढते, आणि पहिला गवंडी घमेले घेऊन निघतो, तेव्हा त्याच्या मोकळ्या हाताला धरायला काहीतरी असते.