अंधारातील बाहुलीचे माप

भर उन्हातून घरात आलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे निरखून पाहावे. त्याची बाहुली हळूहळू रुंदावताना दिसते. बाहुली म्हणजे डोळ्यातील रंगीत पडद्याच्या मध्यभागी असलेले छिद्र होय. प्रखर उजेडात तिचा व्यास साधारणतः २ ते ४ मिलिमीटर, तर अंधारात ४ ते ८ मिलिमीटर असतो.

चष्मा घालविण्यासाठी करावयाच्या लेसिक शस्त्रक्रियेत या मापाला महत्त्व आहे. तीत लेसर किरणांनी डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाला नवा आकार देतात. परंतु पूर्ण सुधारणा होणारा मधला भाग बहुधा ६ ते ६.५ मिलिमीटर रुंदीचाच असतो. दिवसा बाहुली त्याच्या आत सामावते. रात्री ती ७ मिलिमीटरपर्यंत रुंदावली, तर कडेने शिरणारे किरण नेमके एकत्र येत नाहीत व दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. रात्री मोटार चालविणाऱ्यास हा दोष क्षुल्लक नव्हे.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी उजेडात व मंद प्रकाशात अशी दोन्ही मापे घेतात. पण अंधारात मोजावे कसे? दिवा लावताच बाहुली आकसते! येथे अवरक्त किरण उपयोगी पडतात. ते डोळ्यास दिसत नाहीत. त्यामुळे बाहुली विस्फारलेलीच राहते आणि कॅमेरा तिचे चित्र टिपतो. जवळ पाहिल्यानेही बाहुली आकसत असल्यामुळे रुग्णास दूर पाहावयास सांगतात.

मोठी बाहुली असली म्हणजे त्रास होतोच, असे नाही. चष्म्याच्या नंबराचाही त्यात वाटा असतो. तथापि हे माप हाती असले, म्हणजे रुग्णाला पूर्वसूचना देता येते.