बास, उभा व विद्युत्

पाश्चात्त्य संगीतात खर्जाची बाजू सांभाळणारी दोन तंतुवाद्ये. उभा बास (डबल बास) हे व्हायोलिन कुलाशी निकटचे नाते असलेले, उभे राहून किंवा उंच बैठकीवर बसून वाजविण्याचे मोठे, पोकळ लाकडी वाद्य होय. तर विद्युत् बास (बास गिटार) हे पट्ट्याने गळ्यात अडकवून वाजविण्याचे, बहुधा भरीव लाकडाचे वाद्य होय. घडण व वय भिन्न असले, तरी दोहोंच्या चार तारा सामान्यतः ई, ए, डी व जी या एकाच स्वरांत लावतात. त्यांच्या कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्या) अनुक्रमे सु. ४१, ५५, ७३ व ९८ हर्ट्‌झ असतात. तुलनेसाठी, काळी एकच्या षड्जात लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सु. ६९ हर्ट्‌झची असते. दोन्ही वाद्यांचे संगीत प्रत्यक्षाहून एक सप्तक वर लिहिण्याचा प्रघात आहे. वृंदात लय आणि स्वरसंवाद यांना जोडण्याचे काम बासवादक करतो. श्रोत्याचे त्याच्याकडे क्वचितच लक्ष जाते. मात्र तो थांबला, की सारा वृंद पोकळ वाटू लागतो.

खर्जाची अडचण : बासवादकाच्या साधनांचा इतिहास म्हणजे बव्हंशी ऐकू येण्यासाठी केलेल्या खटपटीचा इतिहास होय. या अडचणीची दोन कारणे आहेत. पहिले कारण मानवी कान हे होय. फ्लेचर व मनसन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समश्राव्यता वक्रांवरून असे दिसून आले, की मंद्र स्वर मध्यम स्वराइतका मोठा वाटण्यासाठी त्याला कित्येक पट अधिक ध्वनिऊर्जा लागते. ४० हर्ट्‌झच्या आसपास ही वाढ हजारो पटींच्या घरात जाते. दुसरे कारण वाद्याचे आकारमान हे होय. ४१ हर्ट्‌झ स्वराची हवेतील तरंगलांबी ८ मीटरांहून अधिक असते. उभ्या बासाची पेटी मोठी दिसली, तरी या तरंगाच्या मानाने ती लहानच असते आणि त्यामुळे सर्वांत खालच्या स्वराचा मूळ घटक ती क्षीणपणेच बाहेर टाकते.

असे असूनही तो स्वर ओळखू येतो, याचे श्रेय त्याच्या उपस्वरांना आहे. ४१ हर्ट्‌झच्या तारेतून ८२, १२३, १६४ इ. कंप्रतांचे उपस्वरही निघतात. त्यांच्यातील सारख्या अंतरावरून श्रवणेंद्रिय मूळ स्वराची जाणीव करून घेते. लहान रेडिओच्या ध्वनिक्षेपकातून मूळ कंप्रता जवळजवळ बाहेर पडत नसतानाही बासाची चाल ओळखता येते, ती यामुळेच. सारांश, बासाचा भरदारपणा मूळ स्वरात, तर त्याचा स्पष्टपणा उपस्वरांत असतो. यांपैकी एक साधताना दुसरा गमावू नये, हाच साधनांची निवड, नादगुण व ध्वनिमुद्रण या तिन्हींतील मुख्य प्रश्न आहे.

उभा बास : याची उंची सु. १·८ मी. व तारांची कंप पावणारी लांबी सु. १०५ सेंमी. असते. पुढची फळी स्प्रूसची आणि पाठ व बाजू मॅपलच्या असतात. स्वस्त वाद्यांत थरांचे लाकूड (प्लायवुड) वापरतात. तारांचे कंपन घोडीमार्फत पुढच्या फळीकडे जाते. पेटीच्या आत घोडीच्या एका पायाजवळ बसविलेला ध्वनिस्तंभ फळीला आधार देतो व कंपने पाठीपर्यंत पोहोचवितो. घोडी किंवा ध्वनिस्तंभ थोडा जरी सरकला, तरी नाद बदलतो. म्हणून महागडी उपकरणे घेण्याआधी वाद्य कुशल कारागिराकडून नीट बसवून घेणे श्रेयस्कर ठरते.

पूर्वी तारा आतड्यांच्या तातीच्या असत. पुरेसा आवाज निघावा म्हणून त्या अंगुलिपटापासून उंच ठेवीत व जोराने छेडीत. त्यांचा नाद आखूड व ठोसर असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी तारांचा प्रसार झाला. त्या खाली बसविता येतात, त्यांचा नाद दीर्घकाळ टिकतो व त्यांवर जलद वादन सुलभ होते. जॅझमध्ये तारा बोटांच्या कडेने छेडतात, तर अभिजात वाद्यवृंदात प्रामुख्याने गज वापरतात. वाद्यवृंदातील काही वाद्यांना पाचवी तार किंवा खालच्या तारेची लांबी वाढविणारी जोडणी असते.

तारा खाली आल्या तसा वादक विवर्धनावर अधिक अवलंबून राहू लागला. एव्हरेट हल यांनी १९४० नंतरच्या दशकात वाद्याच्या टेकणखुंटात बसणारा ग्राहक विक्रीस आणला. ‘ॲम्पेग’ हे नाव ‘विवर्धित खुंट’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून बनले आहे. पुढे घोडीजवळ बसणारे दाबविद्युत् ग्राहक रूढ झाले. अशा ग्राहकाची विद्युतीय वर्तणूक धारित्रासारखी असते. त्यामुळे त्याला कमी संरोधाच्या विवर्धकाशी जोडल्यास खालचे स्वर गळतात व आवाज किरटा होतो. यासाठी दहा लाख ओहम किंवा त्याहून अधिक संरोधाचा पूर्वविवर्धक मध्ये घालतात. दुसरी अडचण पुनःप्रदायाची आहे. ध्वनिक्षेपकाचा आवाज पोकळ पेटीत शिरून पुन्हा ग्राहकात येतो व एखादाच स्वर अनावर घुमू लागतो. विवर्धक बाजूला सरकविणे, घुमणाऱ्या कंप्रतेचा अरुंद पट्टा कमी करणे वा संकेताची दिशा उलटविणे हे त्यावरील नेहमीचे उपाय होत.

विद्युत् बास : सिॲटल येथील पॉल टुटमार्क यांनी सु. १९३६ मध्ये पडदे असलेला, आडवा धरावयाचा विद्युत् बास तयार केला. पण त्याचा फारसा प्रसार झाला नाही. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ विक्रीस आणला आणि हे वाद्य स्थिरावले. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, हे त्याच्या नावातून सूचित होते. तारांची ८६·४ सेंमी. ही त्यात ठेवलेली लांबी पुढे सर्वसाधारण प्रमाण बनली. लायनेल हॅम्प्टन यांच्या वृंदातील मंक मंगमरी हे वाद्य स्वीकारणाऱ्या पहिल्या जॅझ वादकांपैकी होत.

या वाद्यात पेटीऐवजी चुंबकीय ग्राहक काम करतो. स्थायी चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली, की चुंबकीय स्रोत बदलतो व वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो. तारेच्या ज्या भागाखाली ग्राहक असतो, तेथील कंपनेच तो टिपतो. म्हणून दांडीकडील ग्राहकाचा नाद गोल व भरदार, तर घोडीजवळच्या ग्राहकाचा नाद कोरडा व रेखीव असतो. १९५७ मध्ये प्रिसिजन बासाचा ग्राहक दुभंगण्यात आला. त्याच्या दोन भागांचे वेढे व चुंबक परस्परविरुद्ध असल्याने तारांचा संकेत कायम राहतो आणि घरगुती वीजपुरवठ्याची गुणगुण नाहीशी होते. १९६० च्या ‘जॅझ बास’मध्ये दोन ग्राहक देऊन त्यांचे मिश्रण वादकाच्या हाती सोपविण्यात आले. १९७६ च्या ‘स्टिंगरे’मध्ये विद्युत् घटावर चालणारा पूर्वविवर्धक वाद्यातच बसविलेला होता. पाचव्या तारेमुळे स्वरक्षेत्र खाली सु. ३१ हर्ट्‌झपर्यंत पोहोचते.

तारा व हात : नादावर सर्वाधिक प्रभाव तारा आणि हात यांचा असतो, उपकरणांचा त्यानंतर. सपाट वेष्टनाच्या तारांचा नाद मऊ व आखूड, तर गोल वेष्टनाच्या तारांचा झळाळता व दीर्घ असतो. मात्र जुन्या झालेल्या गोल वेष्टनाच्या तारांची झळाळी ओसरते. तार घोडीजवळ छेडल्यास उपस्वर वाढतात, दांडीकडे छेडल्यास मूळ स्वर भरतो. डिट्रॉइट येथील मोटाउन संस्थेचे वादक जेम्स जेमरसन जाड, सपाट वेष्टनाच्या तारा लावीत, घोडीच्या झाकणाखाली फोमचा तुकडा ठेवीत आणि उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने छेडीत. त्यांचे मूळ वाद्य उभा बास होते व त्याची छाप त्यांच्या वादनात दिसते. कॅरल के यांनी नखीच्या साहाय्याने, लॅरी ग्रॅहम यांनी अंगठ्याच्या आघाताने, तर जॅको पॅस्टोरियस यांनी पडदे काढलेल्या बासावर स्वतंत्र नाद सिद्ध केला.

विवर्धक व ध्वनिक्षेपक : तितकाच ध्वनिदाब एक सप्तक खाली मिळवायचा, तर ध्वनिक्षेपकाच्या शंकूला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. यामुळे बासासाठी मोठ्या पृष्ठाचे ध्वनिक्षेपक, मजबूत खोकी व अधिक शक्ती लागते. १९५२ चा ‘बासमन’, १९६० चा ‘बी-१५’ आणि निर्वात नलिकांवर चालणारा १९६९ चा ३०० वॉटचा ‘एसव्हीटी’ हे या विकासातील टप्पे होत. यांतील अखेरचा उचलण्यास दोन माणसे लागत. एकविसाव्या शतकात स्विचन पद्धतीच्या विवर्धकांमुळे तितकीच शक्ती काही किलोग्रॅम वजनात मिळू लागली. लहान सभागृहात खालचे स्वर कोपऱ्यांत साचतात. तेथे खर्ज वाढविण्यापेक्षा तो थोडा कमी केल्यास बास अधिक स्पष्ट ऐकू येतो.

ध्वनिमुद्रण : १९२५ पूर्वी कर्ण्यासमोर वाजवून यांत्रिक पद्धतीने मुद्रण करीत. उभ्या बासाचा आवाज तबकडीवर पुरेसा उमटत नसल्याने त्याच्या जागी पुष्कळदा ट्यूबा हे फुंकवाद्य योजीत. मायक्रोफोनने ही अडचण दूर केली. ड्यूक एलिंग्टन यांच्या वृंदातील जिमी ब्लँटन यांच्या १९३९–४१ मधील ध्वनिमुद्रणांतून उभा बास स्वतंत्र गायकासारखा ऐकू येतो. तबकडीवर मात्र खर्जाची खाच रुंद होते व तीत सुई उसळण्याचा धोका असतो. म्हणून खालचे स्वर कापताना कमी करून वाजविताना तितकेच वाढवितात. १९५४ मध्ये यासाठी अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाने एक प्रमाण स्वीकारले. द्विमार्गी तबकड्यांत बास मध्यभागी ठेवण्याच्या प्रथेमागेही हेच कारण होते.

उभ्या बासासाठी मायक्रोफोन घोडीसमोर काही इंचांपासून हातभर अंतरावर ठेवतात. दिशिक मायक्रोफोन फार जवळ नेल्यास खर्ज कृत्रिमपणे फुगतो, दूर नेल्यास ढोलांचा आवाज त्यात मिसळतो. ग्राहकाचा संकेत सोबत मुद्रित केल्यास दोहोंची ध्रुवता जुळते की नाही हे तपासावे लागते. ती विरुद्ध असल्यास खालचे स्वर परस्परांना खोडतात. विद्युत् बासाचा संकेत मात्र विवर्धकाविना थेट मुद्रणयंत्राकडे नेता येतो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पेटीत रोहित्राने वा इलेक्ट्रॉनीय मंडलाने संरोध कमी केला जातो. मोटाउनमध्ये ही पद्धत नित्याची होती. लंडनच्या ॲबी रोड येथे १९६६ मध्ये बीटल्सच्या एका गीतासाठी ध्वनिक्षेपकच मायक्रोफोन म्हणून वापरण्यात आला होता. आता थेट संकेत व विवर्धकासमोरील मायक्रोफोन असे दोन मार्ग एकत्र मुद्रित करण्याची पद्धत रूढ आहे. स्वरांतील लहानमोठेपणा आटोक्यात ठेवण्यासाठी संपीडन करतात. ते अतिजलद केल्यास छेडीचा आरंभीचा आघात, म्हणजे बासाचा स्पष्टपणाच नष्ट होतो. मिश्रण करताना बास व पायाने वाजवावयाचा ढोल यांना निरनिराळे कंप्रतापट्टे मोकळे करून देतात आणि अखेरीस ते लहान ध्वनिक्षेपकावरही ऐकून पाहतात.

भारतात : मुंबईतील हॉटेलांत १९३० नंतरच्या दशकात जॅझ वृंद वाजू लागले, त्यांतील व पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील अनेक वादक गोमंतकीय होते. राहुलदेव बर्मन यांच्या संगीतात बास गिटारला ठळक स्थान मिळाले. त्यांच्या वृंदातील टोनी वाझ आणि पुढील पिढ्यांतील कार्ल पीटर्स व मोहिनी डे हे मुंबईशी निगडित असलेले उल्लेखनीय बासवादक होत.

बासवादकाच्या वाट्याला दीर्घकाळ अनामिकताच आली. जेमरसन यांनी १९६० नंतरच्या दशकातील असंख्य लोकप्रिय गीतांत वादन केले. परंतु त्या तबकड्यांवर वादकांची नावे छापीत नसत. मार्व्हिन गे यांच्या १९७१ मधील संग्रहावर त्यांचे नाव आले. जेमरसन १९८३ मध्ये वारले आणि २००० मध्ये त्यांना ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान देण्यात आले. विद्युत् बासामुळे उभा बास मागे पडेल, ही भीतीही खरी ठरली नाही. अभिजात वाद्यवृंद व जॅझ यांत उभा बास टिकून आहे, तर लोकप्रिय संगीतात विद्युत् बास प्रमुख आहे. अनेक वादक दोन्ही वाद्ये वाजवितात.