रोजगार मेळावा आणि डिझाइनचा विद्यार्थी : पूर्वतयारी

प्रस्तावना : रोजगार मेळाव्यात ग्रामीण भागातील डिझाइनचा विद्यार्थी ‘दाखविण्यासारखे आपल्याजवळ काही नाही’ या समजुतीने मागे राहतो. दिंडोरी तालुक्याच्या संदर्भात या समजुतीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिसरातील उदाहरण : तालुक्यातील मोहाडी येथील ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी द्राक्षांची निर्यात करते. निर्यातीच्या खोक्याला छिद्रे असतात. त्यांतून थंड हवा फळापर्यंत पोहोचते. छिद्रे वाढविल्यास हवा अधिक खेळते, मात्र खोक्याची बळकटी घटते व थर रचल्यावर खालचे खोके दबण्याचा संभव असतो. शिवाय वाण, वजन इत्यादी माहिती छापण्यास जागा उरावी लागते. या तिहेरी गरजेचा मेळ घालणे हेच डिझाइनचे कार्य होय.

तयारीचे टप्पे : असा एक प्रश्न निवडून निरीक्षणे, कच्ची रेखाटने, फसलेला नमुना व सुधारित नमुना या क्रमाने पोर्टफोलिओत मांडावा. सामूहिक प्रकल्पातील स्वतःचा वाटा स्पष्ट लिहावा. सहभागी कंपन्यांची उत्पादने आधी पाहून घ्यावीत. मेळाव्यात वेळ मोजका मिळतो. म्हणून हे काम दोन मिनिटांत, मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत, सांगण्याचा सराव करावा.

निष्कर्ष : पूर्ण झालेले सुबक चित्र विद्यार्थ्याचे हस्तकौशल्य दाखविते, नमुना का फसला व कसा सुधारला, हे त्याची विचारपद्धती दाखविते. त्यासाठी लागणारी सामग्री दिंडोरीच्या पॅकहाउसमध्येही उपलब्ध आहे.