चावी फिरवल्यावर मागून येणारा ‘झूं’ आवाज थांबतो, म्हणून तुम्ही सुरक्षित असता

एक प्रयोग करा. पेट्रोल कारमध्ये बसा, रेडिओ आणि एसी बंद ठेवा आणि चावी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवा. स्टार्टर मारू नका.

मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक ‘झूं’ असा आवाज येईल आणि थांबेल. तो तुमच्या गाडीचा फ्युएल पंप. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलणं हे त्याचं काम.

पंप चालू झाला नाही तर गाडी सुरू होत नाही, हे सगळ्यांना कळतं. पण पंप वेळेवर थांबला नाही तर काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. कंपनीच्या गाडीत त्याचं उत्तर कंपनीनेच देऊन ठेवलेलं असतं. गाडी हाताने बनवलेली असेल, तर ते उत्तर वायरिंग करणाऱ्याला शोधावं लागतं.

हाताने बनवलेली स्पोर्ट्स कार कुठे असते?

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनचं. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ आणली. हलकी, दोन सीटची, बिनछपराची गाडी. ती सुट्या भागांचा किट म्हणूनही मिळायची, कारण किटवर तिथला खरेदी कर लागत नव्हता. लोक घरच्या गॅरेजमध्येच गाडी जोडायचे.

आपल्याकडे अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने याच धर्तीवर ‘रोडस्टर’ बनवली. अंग फायबरग्लासचं आणि इंजिन इसुझूचं १.८ लिटरचं.

आणि पुण्यात? इथल्या अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांच्या टीम कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या रेस कार बनवतात. चासीच्या वेल्डिंगपासून वायरिंगपर्यंत सगळं मुलंच करतात. पंपाला वायर कुठून द्यायची, हा प्रश्न दरवर्षी कुणा ना कुणा सेकंड इयरच्या मुलासमोर येतो.

आधी हा प्रश्नच नव्हता

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पंप सहसा इंजिनालाच जोडलेला असायचा. इंजिन फिरलं की पंप चालायचा, इंजिन बंद पडलं की पंपही बंद. वेगळी काळजी घ्यायची गरज नव्हती.

फ्युएल इंजेक्शन आलं आणि इलेक्ट्रिक पंप टाकीत जाऊन बसला. तो पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यामुळेच थंड राहतो. तो साधारण ३ बार दाबाने पेट्रोल पाठवतो. तुमच्या कारच्या टायरमधली हवा साधारण २.२ बार असते, म्हणजे त्याहून जास्त दाब. मिनिटाला लिटरभर पेट्रोल तो सहज ढकलतो.

हा विषय फक्त कारवाल्यांचा नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तेव्हापासून बहुतेक नव्या स्कूटर आणि बाइकमध्येही असा पंप असतो.

आता कल्पना करा. गाडी धडकली, पेट्रोलची नळी तुटली, इंजिन बंद पडलं, पण चावी ‘ऑन’च आहे. पंपाला बॅटरी मिळत राहिली, तर तो तुटलेल्या नळीतून गरम इंजिनावर पेट्रोल फवारत राहील.

मग वायरिंग कसं करतात?

पंप पाच ते दहा अँपिअर करंट ओढतो. एवढा करंट चावीच्या स्विचमधून नेत नाहीत. मध्ये रिले बसवतात. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.

रिलेच्या पायांजवळ नंबर छापलेले असतात:

• ३०: बॅटरीकडून येणारी वायर. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, म्हणजे वायर वाटेत कुठेही घासून शॉर्ट झाली तरी फ्यूज उडेल.
• ८७: पंपाकडे जाणारी वायर.
• ८६: चावीकडून येणारा प्लस.
• ८५: ईसीयूकडून मिळणारा अर्थ.

सगळा खेळ या शेवटच्या पायाचा आहे. ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. चावी फिरवली की तो दोन-तीन सेकंदच अर्थ देतो, म्हणजे नळीत दाब तयार होतो. इंजिन फिरतंय असा सिग्नल सेन्सरकडून मिळाला, तरच पंप पुढे चालू ठेवतो. सिग्नल गेला की पंप बंद.

याच वाटेत एक इनर्शिया स्विचही लावता येतो. त्यात लोहचुंबकाने धरून ठेवलेली एक गोळी असते. जोराचा धक्का बसला की गोळी सुटते आणि सर्किट तुटतं. पुन्हा सुरू करायला वरचं बटण हाताने दाबावं लागतं.

फायबरच्या गाडीतली गोम

साध्या गाडीत पंपाची मायनस वायर जवळच्या पत्र्याला जोडली की काम होतं, कारण पत्राच करंट परत बॅटरीकडे नेतो. फायबरग्लासमधून करंट जात नाही. त्यामुळे अर्थसाठी वेगळी वायर बॅटरीपर्यंत न्यावी लागते, किंवा चासीच्या पाइपचा रंग खरवडून तिथे पक्की जोडावी लागते.

वायर किती जाड हवी? बॅटरी पुढे, टाकी मागे, जाऊन-येऊन ८ मीटर वायर आणि ८ अँपिअर करंट असं धरू. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली तर वाटेतच सुमारे दीड व्होल्ट खर्च होतात. २.५ चौरस मिलिमीटरची वापरली तर अर्ध्या व्होल्टहून कमी. बारीक वायरमुळे पंपाला व्होल्टेज कमी पडतं, पेट्रोलचा दाब घसरतो आणि गाडी नेमकी जोरात पळवताना अडखळते. मग सगळे इंजिनात दोष शोधत बसतात.

‘डायरेक्ट देऊन टाकू’ म्हणजे काय?

पंप चालत नाही म्हणून गॅरेजमध्ये गेलात, तर कधीकधी हे वाक्य ऐकू येतं. म्हणजे ईसीयूची अट काढून पंप थेट चावीवर जोडायचा. गाडी लगेच सुरू होते, पैसेही कमी लागतात. पण इंजिन बंद पडल्यावर पंप थांबवणारं आता कुणीच उरत नाही. बंद पडलेल्या गाडीतून घरी पोहोचण्यापुरती ही सोय समजून घेता येईल. तशीच गाडी रोज चालवणं मात्र धोक्याचं आहे.

रेसिंगमध्ये तर हे चालतच नाही. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांनुसार पेट्रोल कारमध्ये ड्रायव्हरसमोर एक आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक असं शटडाऊन बटण लागतं. यातलं कुठलंही दाबलं किंवा इनर्शिया स्विच पडला, तर इग्निशनबरोबर पंपही बंद झालाच पाहिजे. कोइंबतूरला होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत आधी तपासणी होते. त्यात पास न झालेली गाडी ट्रॅकवर उतरत नाही.

अशी गाडी रस्त्यावर चालवता येते का?

मंजुरीशिवाय नाही. नवं मॉडेल रस्त्यावर आणायचं तर त्याची तपासणी अधिकृत संस्थेकडून करून घ्यावी लागते. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक. आहे त्या गाडीत मूळ रचनेला सोडून बदल करायलाही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं.

आता पुन्हा तुमच्या गाडीकडे या. विशेषतः सेकंडहँड घेतली असेल किंवा नुकतंच वायरिंगचं काम झालं असेल, तर चावी ‘ऑन’ करून ऐका. बहुतेक गाड्यांत आवाज काही सेकंदांत थांबतो. इंजिन बंद असतानाही तो थांबतच नसेल, तर चावी काढा आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला एकच प्रश्न विचारा: “पंप डायरेक्ट केलाय का?”